बाबा आणि विरुद्धार्थी शब्द

परवा सावलीला गेलो होतो. माळ्यावरचा पत्र्याचा डबा उघडला तर सुतळीनं बांधलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा हाती लागला. २००३ साली जीआरईसाठी मीच केलेल्या चिठ्ठ्या. पुढे इंग्रजी विशेषण, मागे मराठी अर्थ, आणि अर्थाखाली गावातल्या कुणाचं तरी नाव!

त्याचं असं झालं... आमची एबीसीडी पाचवीत सुरू झाली, आणि ही परीक्षा म्हणजे बॅरन्सच्या पुस्तकातली साडेतीन हजार शब्दांची यादी. त्यातली विशेषणं काही केल्या लक्षात राहीनात. मग एकेक विशेषण ओळखीच्या माणसाला चिकटवायला लागलो. 'गॅर्युलस' म्हणजे शेजारच्या काकू. 'लॅकॉनिक' म्हणजे एसटीचा कंडक्टर. 'पार्सिमोनिअस', म्हणजे कंजूष, या चिठ्ठीमागे लिहिलंय: बाबा.

ती चिठ्ठी बघून वाईट वाटलं. मग या परीक्षांचा इतिहास वाचत बसलो.

विरुद्धार्थी शब्दांवरून हुशारी मोजायची पद्धत जुनी आहे. २३ जून १९२६ ला अमेरिकेत पहिली एसएटी झाली, तिच्यातही असे प्रश्न होते. ती तयार करण्यात पुढाकार होता प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगहॅम यांचा. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या चाचण्या तपासून त्यांनी १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं होतं, की दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेले लोक बुद्धीनं कमी. १९३० मध्ये मात्र त्यांनी स्वतःच हे निष्कर्ष मागे घेतले. घरात वेगळी भाषा बोलणाऱ्यांची इंग्रजी चाचणीवरून अशी तुलना करता येत नाही, हे त्यांना पटलं. स्वतःची चूक अशी जाहीर कबूल करायला धैर्य लागतं.

जीआरईची सुरुवात १९३६ ची. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया ही चार विद्यापीठं आणि कार्नेगी फाउंडेशन यांचा तो प्रयोग. योगायोग बघा, त्याच वर्षी फेब्रुवारीअखेरीस गांधी सेवा संघाच्या अधिवेशनासाठी महात्माजी आमच्या सावलीला आले होते! तेव्हा हा चांदा जिल्हा. गांधीजींनाही परक्या भाषेच्या परीक्षेनं सोडलं नव्हतं. लंडनच्या मॅट्रिकला पहिल्यांदा ते लॅटिनमध्ये नापास झाले, १८९० मध्ये दुसऱ्या खेपेला पास झाले. हे मला २००३ साली कुणी सांगायला हवं होतं.

असो. एसएटीमधून विरुद्धार्थी शब्द १९९४ मध्ये गेले, जीआरईमधून ऑगस्ट २०११ मध्ये. ज्या प्रश्नासाठी मी गावाला लेबलं लावली, तो प्रश्नच आता उरलेला नाही.

आता बाबांबद्दल. सुतळीचा तुकडासुद्धा ते फेकत नसत. पावसाळ्यात एकच छत्री, तीही दुरुस्त करून करून वापरलेली. धानाचे पैसे आले की वहीत पै न् पै लिहायचे. एकदा रात्री माझं पाठांतर ऐकून म्हणाले, "कायले रायला रे येवढं घोकून?" मी म्हटलं, "फी डॉलरमध्ये भरा लागते बाबा, पुन्हा पुन्हा देता येत नाही." ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले आणि खात्यातले पैसे काढून आणले. किती, कशाला, मिळालं नाही तर काय... एक शब्द विचारला नाही.

परीक्षेत 'पार्सिमोनिअस'चा विरुद्ध शब्द विचारला तर उधळ्या, सढळ असा काहीतरी पर्याय निवडायचा असतो. बाबा त्या एका दिवसात दोन्ही होते. इंग्रजीला दोष देत नाही. काटकसरी माणसासाठी 'फ्रुगल' हा शब्द त्याच यादीत होता. पण तो मी दुसऱ्याच कुणाला देऊन बसलो होतो. आजी म्हणायची, "तो चिकट नाही, टुकीचा आहे." हा शब्द मला तेव्हाही येत होता. पण तो परीक्षेत येणार नव्हता ना.

बाबा आता नाहीत. चिठ्ठ्या पुन्हा त्याच सुतळीनं बांधून ठेवल्या. फक्त एका चिठ्ठीवरचं नाव खोडलं. सुतळी बाबांनीच जपून ठेवलेली होती.