पिंपरीचं पेनिसिलिन

बारामती-इंदापूरला गाईला दगडी झाली की डॉक्टर पेनिसिलिनच्या जातीचं औषध कासेत सोडतात. हे औषध आपल्याच जिल्ह्यात, पिंपरीला, १९५५ सालापासून बनू लागलं. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेची त्याला मदत होती.

ते करतं काय? वाढणारा जिवाणू स्वतःभोवती भिंत बांधत असतो, ते बांधकाम थांबवतं. भिंत कच्ची राहते, पाणी आत शिरतं, जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना, गाईच्याही, अशी भिंतच नसते. म्हणून त्या वाचतात.

पण अपुऱ्या डोसानं जिवाणू निर्ढावतात, हे फ्लेमिंगनं १९४५ सालीच बजावलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेला डोस पुरा करा, आणि सांगितलेले दिवस ते दूध डेअरीला घालू नका. औषध आपलं असलं, तरी त्याचा गुण सगळ्यांच्या मालकीचा आहे.