पुसले तरी न मरणारा संगणक

१/ नवी प्रणाली कार्डावर लिहिली, वीज जोडली. लाल दिवा लागला, पण पडदा काळाच. रास्पबेरी पाय हाताळणाऱ्या अनेकांवर हा प्रसंग येतो. ‘बोर्ड जळाले’ हा निष्कर्ष मात्र बहुधा घाईचा असतो. त्याचे कारण इतिहासात दडलेले आहे. 🧵

२/ संगणकाला स्वतःच स्वतःला उठवावे लागते. बुटाचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेतून ‘बूट’ हा शब्द रूढ झाला. १९७५ च्या अल्टेअर ८८०० मध्ये पहिल्या आज्ञा माणूस दर्शनी खटके वरखाली करून भरीत असे. एक खटका चुकला की यंत्र मुके.

३/ १९७६ च्या किम-१ या एकाच बोर्डावरील संगणकाने त्या प्रारंभिक आज्ञा २ किलोबाइटच्या रॉममध्ये कायमच्या कोरल्या. रीसेटची कळ दाबताच यंत्र सिद्ध.

४/ २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय विक्रीस आला. मुलांनी निर्भयपणे प्रोग्रॅमिंग शिकावे, हा हेतू. चिपमधील रॉम पुसता येत नाही. उरलेले सारे एसडी कार्डावर. प्रथम जागा होतो तो जीपीयू. तो कार्डाच्या फॅट विभागातून ‘बूटकोड.बिन’ आणि मग ‘स्टार्ट.ईएलएफ’ वाचतो, शेवटी कर्नल स्मृतीत ठेवून मुख्य प्रोसेसरला उठवतो.

५/ साखळी कुठे तुटली, हे हिरवा दिवा सांगतो. ४ लुकलुकी: ‘स्टार्ट.ईएलएफ’ सापडली नाही. ७: कर्नल सापडला नाही. दिवा हललाच नाही, तर कार्ड वाचलेच गेलेले नसते. अनेकदा इमेज फाइल कार्डावर ‘लिहिण्या’ऐवजी नुसती कॉपी केलेली असते, कधी कार्ड सदोष, कधी वीज अपुरी.

६/ कर्नल सुरू होऊन ‘पॅनिक’ झाला, तर ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’ पाहावी. पुनर्स्थापनेनंतर विभागाची ओळख बदलते. फाइलीत जुनीच राहिली, तर कर्नल नसलेले घर शोधत बसतो.

७/ जून २०१९ च्या पाय ४ ने परंपरा मोडली. ‘बूटकोड.बिन’चे काम बोर्डावरील ईईप्रॉमकडे गेले. जुन्या मॉडेलसाठी लिहिलेली जुनी कार्डे येथे चालेनाशी झाली, कारण तिला ‘स्टार्ट४.ईएलएफ’ हवी होती. शिवाय ईईप्रॉम पुन्हा लिहिता येते; म्हणजेच बिघडूही शकते.

८/ मग निर्भयतेचे वचन संपले का? नाही. पाय ४ चा अपरिवर्तनीय रॉम ईईप्रॉमकडे वळण्यापूर्वी कार्डावर ‘रिकव्हरी.बिन’ आहे का, ते पाहतो. ती सापडली की ईईप्रॉम नव्याने लिहिले जाते. यश मिळाल्यास हिरवा दिवा भराभर लुकलुकतो.

९/ अल्टेअरची पहिली आज्ञा माणसाच्या बोटांत होती, पायची सिलिकॉनमध्ये आहे. ती कुणालाही पुसता येत नाही, म्हणूनच शिकणाऱ्याला बाकी सारे पुसून पुन्हा लिहिण्याची मुभा मिळते. काळ्या पडद्यासमोर बसलेल्याने आधी हिरवा दिवा मोजावा. बोर्ड फेकण्याचा विचार त्यानंतर.