शाळेस न जाणारे मूल

मानेसर येथे होंडाचा दुचाकींचा कारखाना २००१ साली सुरू झाला. पुढे मारुती-सुझुकीचाही उभा राहिला. त्यांच्याबरोबर ‘काइझेन’सारखे जपानी शब्द इकडे रुळले. उद्योगानिमित्त दिल्लीच्या परिसरात आलेले आम्ही मराठी लोकही जपानी शिस्तीचे गोडवे गातो. त्या शिस्तीचा मुलांवर पडलेला भार मात्र जपानी भाषेतील निराळ्याच शब्दांत साठलेला आहे.

१८७२ साली मेजी सरकारने देशभर शाळांची व्यवस्था आखली. जन्माने मिळणारी प्रतिष्ठा यापुढे विद्येने मिळेल, हे त्यामागील आश्वासन. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, तेव्हा आमच्याकडेही हीच आशा जागी झाली. परंतु दार अरुंद आणि उमेदवार असंख्य, अशी स्थिती होताच आशेचे भय झाले. जपानी लोकांनी त्यास ‘जुकेन जिगोकु’, म्हणजे परीक्षेचा नरक, म्हटले. प्रवेश हुकल्यामुळे पुन्हा तयारीस बसणारा मुलगा ‘रोनिन’, म्हणजे धनी नसलेला सामुराई, ठरला. लातुरात आज त्यास ‘रिपीटर’ म्हणतात.

या भाराखाली काही मुले शाळेतच जाईनाशी झाली. १९६०च्या सुमारास त्यास ‘शाळेची भीती’ असे रोगाचे नाव मिळाले. नंतर ‘तोको क्योही’, म्हणजे शाळेस नकार, हा शब्द रूढ झाला. पहिल्या नावाने मूल रोगी ठरे, दुसऱ्याने हट्टी. १९९२ साली मात्र शिक्षणखात्यानेच मान्य केले, की हे कोणत्याही मुलाच्या बाबतीत घडू शकते. १९९८पासून सरकारी गणनेत ‘फुतोको’, म्हणजे नुसते ‘शाळेत न जाणे’, हा शब्द आला. २०१६च्या कायद्याने अशा मुलास विश्रांतीची गरज असते, हेही मान्य केले.

शब्द पालटल्याने दुःख सरले, असे नव्हे. २०२३-२४ या वर्षी प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांतील अशा मुलांची संख्या ३,४६,४८२ होती. २०२४ साली ५२९ शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या. स्पर्धा तशीच राहिली, हे त्याचे एक कारण. तथापि दोषाचे बोट मुलावरून निघून व्यवस्थेकडे वळले, हा लाभ लहान नव्हे. ज्यास घरी अपराधी ठरविले जात नाही, ते मूल निदान बोलू शकते.

आमच्या देशात २०२२ साली १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्रातील १,७६४, म्हणजे कोणत्याही राज्याहून अधिक. तरीही दाराआड बसलेल्या मुलासाठी आमच्याजवळ ‘आळशी’, ‘नाटकी’, ‘लाडावलेला’ एवढेच शब्द आहेत, आणि त्यांच्या जोडीस ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न. १४४१६ या क्रमांकावर सरकारने २०२२पासून मनःस्वास्थ्यासाठी दूरध्वनीची सोय केली आहे. पण तो फिरविण्यापूर्वी मुलास दोषमुक्त करणारा एखादा शब्द घरात उच्चारला जावयास हवा. जपानकडून यंत्रे आणि कामाच्या रीती आम्ही घेतल्या. हा धडाही घेण्याजोगा आहे.