चुंबकशक्ति आणि खिन्न मन

१९०१ सालीं ठाण्यास मनोरुग्णांचें इस्पितळ निघालें, त्या काळीं विषण्णतेच्या रोगावर नेमकें असें औषध नव्हतें. उपायाचें एक बीज मात्र त्यापूर्वींच पेरलें गेलें होतें. बदलत्या चुंबकक्षेत्रानें वीज उत्पन्न होते, हें फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें. पुढें १९८५ सालीं शेफील्ड येथें अँथनी बार्कर व त्यांचे सहकारी यांनीं याच नियमानें, कवटी न उघडतां, मेंदूस चेतना दिली. औषधांस दाद न देणाऱ्या विषण्णतेवर या उपचारास अमेरिकेंत २००८ सालीं मान्यता मिळाली.

यांत भूल नाहीं. डोक्याशीं तारेचें वेटोळें धरितात. सर्वांसच गुण येतो असें नाहीं. शिवाय आठवड्यास पांच दिवस, असे चार ते सहा आठवडे जावें लागतें. मुंबईंत ही सोय आहे; परंतु धाटावच्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसानें रोजी बुडवून इतक्या खेपा कशा घालाव्या? २०१७ च्या कायद्यानें मानसोपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. शोध लागला, हक्कही मिळाला; आतां राहिलें तें अंतर. तें तुटेल तेव्हांच या शोधाचें खरें सार्थक होईल.