वृत्तपत्रांतील सेवेचे आवाहन : पुणे, इ. स. १८७७ ते १८९८

स्वयंसेवेच्या इतिहासाचा अभ्यास करताना आपले लक्ष सहसा संस्थांकडे व त्यांच्या पुढाऱ्यांकडे जाते. ज्या छापील आवाहनाने माणसे कामाला बोलावली गेली, त्या आवाहनाला वृत्तपत्रात जागा कशी मिळाली, हा प्रश्न मात्र मागे राहतो. वस्तुतः संपादकाकडे अशी जागा मागणे म्हणजे त्याच्याकडे दोन गोष्टी मागणे होय. एक म्हणजे अंकातील रकाना आणि दुसरी म्हणजे पत्राची पत. पहिलीची किंमत पैशात सांगता येते. दुसरीची येत नाही, आणि खरा व्यवहार दुसरीचाच असतो. पुण्यातील तीन प्रसंगांच्या आधारे या व्यवहाराचे स्वरूप तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिला प्रसंग इ. स. १८७६-७७ च्या दुष्काळाचा. सार्वजनिक सभेने या काळात दख्खनच्या जिल्ह्यांत आपले प्रतिनिधी पाठवून परिस्थितीची माहिती गोळा केली व ती सरकारपुढे मांडली. त्याच सुमारास सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. या कामाला साहाय्य मिळावे म्हणून जोतीराव फुले यांनी १७ मे १८७७ रोजी एक पत्रक काढले, व ते २४ मे च्या ‘ज्ञानप्रकाश’मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कृष्णराव भालेकर यांनी सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे सत्यशोधकांच्या विचाराचे पत्र १ जानेवारी १८७७ पासून निघत होते. ‘ज्ञानप्रकाश’ हे त्याहून बरेच जुने. त्याचा आरंभ १८४९ मधील, आणि त्याचा वाचकवर्ग मुख्यतः पुण्यातील सुशिक्षित उच्चवर्णीयांचा. ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्या लेखकाविषयी त्या वर्गात प्रेम असण्याचे कारण नव्हते. असे असता पत्रक तेथे छापले गेले. यावरून असे अनुमान करता येते की, धान्य व पैसा ज्यांच्याकडे होता त्यांच्यापर्यंत पोहोचावयाचे तर त्यांच्याच पत्रातून पोहोचले पाहिजे, हे फुल्यांनी ओळखले होते. संपादकालाही मतभेद बाजूला ठेवून जागा देणे शक्य झाले, कारण मागणी मताची नसून भुकेल्या मुलांच्या अन्नाची होती.

तथापि छापील पत्रक ही या कामाची एकच बाजू होय. सावित्रीबाईंनी २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नर तालुक्यातील ओतूर येथून जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. दुष्काळात होरपळलेल्या गावांचे व तेथे राबणाऱ्या सत्यशोधकांच्या अडचणींचे चित्र त्यात आहे. ते खाजगी पत्र होते. आवाहन कोणी व कोणाला केले हे वृत्तपत्रावरून कळते. काम कसे झाले हे कळण्यासाठी अशा पत्रांकडेच वळावे लागते. संशोधकाने एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये.

दुसरा प्रसंग इ. स. १८९६-९७ च्या दुष्काळाचा. या वेळी परिस्थिती पालटली होती. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या पक्षाच्या हाती आली होती, व ‘केसरी’ तर त्यांचाच होता. जागा मागणारा आणि जागा देणारा यांत आता अंतर उरले नव्हते. दुष्काळसंहितेप्रमाणे रयतेला कोणत्या सवलती मागता येतात, हे ‘केसरी’ने समजावून सांगितले, सभेच्या कार्यकर्त्यांनी तीच माहिती गावोगावी नेली. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत छापील शब्द पोहोचवण्याचे काम स्वयंसेवकाने केले, आणि स्वयंसेवकाच्या बोलण्याला आधार छापील शब्दाने दिला. परंतु दयेच्या आवाहनाने सरकारला बाध येत नाही. हक्काच्या आवाहनाने येतो. काही कार्यकर्त्यांवर खटले झाले आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.

तिसरा प्रसंग प्लेगचा. पुण्यात साथ पसरल्यावर रँडसाहेबाच्या देखरेखीखाली सैनिकांकडून घरांची तपासणी सुरू झाली. ‘केसरी’ने एकीकडे शहर सोडून जाणाऱ्या पुढाऱ्यांची कानउघाडणी केली, दुसरीकडे तपासणीतील जुलमावर टीका केली. टिळकांनी स्वतः शहरात राहून हिंदू प्लेग रुग्णालय उभारले. संपादक स्वतः कामात उतरला म्हणजे आवाहनाला जे वजन येते, ते केवळ जागा देण्याने येत नाही. परंतु त्याची किंमतही मोठी असते. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. खटला सेवेच्या आवाहनांवर नव्हता, १५ जूनच्या अंकातील शिवाजी-उत्सवासंबंधीच्या मजकुरावर होता, हे खरे. परंतु ज्या पत्राच्या पतीवर सेवेचे आवाहन उभे होते, त्याच पत्रावर आता राजद्रोहाचा शिक्का बसला.

याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांनाही छापील शब्दाची किंमत मोजावी लागली. सैनिकांच्या वर्तनाविषयी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी इंग्लंडमधील वृत्तपत्रात आरोप प्रसिद्ध केले. परत आल्यावर ते सिद्ध करण्यास कोणी पुढे येईना, व त्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्यानंतरच्या साथीत ते स्वयंसेवकांसह प्लेगच्या कामात राबले. १२ जून १९०५ रोजी त्यांनी स्थापिलेल्या भारत सेवक समाजाने पुढे ‘ज्ञानप्रकाश’ चालवले, आणि त्या समाजाचे ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. संस्था आणि पत्र यांची सांगड आता योजनापूर्वक घातली गेली होती.

या तीन प्रसंगांवरून काही निष्कर्ष निघतात. मागणी नेमकी व कोणत्याही पक्षाला मान्य होण्यासारखी असेल तर प्रतिपक्षाचे पत्रही जागा देते. परंतु अशी मागणी दुःखनिवारणापलीकडे सहसा जात नाही. मागणी हक्काची झाली की तिला स्वतःचे पत्र लागते, व त्या पत्राला मग सेवेबरोबर संघर्षाचीही जोखीम घ्यावी लागते. या दोहोंपैकी एक मार्ग श्रेष्ठ व दुसरा कनिष्ठ असे म्हणता येणार नाही. धनकवडीच्या मुलांना पहिल्याची गरज होती, दुष्काळी रयतेला दुसऱ्याची.

शेवटी एका मर्यादेचा उल्लेख आवश्यक आहे. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगने गेले. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाईंचे देहावसान झाले. ओतूरला जाताना किंवा रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहताना त्यांना वृत्तपत्राने बोलावण्याची गरज पडली नव्हती. आवाहनांच्या इतिहासात अशा माणसांची नोंद सापडत नाही. म्हणून त्या इतिहासाला सेवेचा इतिहास समजण्याची चूक आपण करू नये.