संरक्षण कारखाने एकत्र असावेत की वेगळे? ओझरपासून युरोपपर्यंत, समजून घ्या

दिंडोरीच्या द्राक्षबागांवरून सुखोई गरजत गेलं तरी इथे कुणाला नवल वाटत नाही. शेजारी ओझरला 'एचएएल'चा विमान कारखाना आहे. पण ही कंपनी मुळात दोन सरकारी कंपन्या जोडून तयार झाली, हे अनेकांना माहीत नसतं.

१९६४ : जोडणी

मिग-२१ भारतात बनवण्यासाठी १९६३ मध्ये 'एरोनॉटिक्स इंडिया' ही वेगळी कंपनी स्थापन झाली. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी कामाची वाटणी ठरली. देशात विमानविद्या जाणणारी माणसं मोजकीच होती. ती विखुरली जाऊ नयेत म्हणून १ ऑक्टोबर १९६४ रोजी ही कंपनी आणि बंगळुरूची 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' एकत्र करण्यात आली.

२०२१ : विभागणी

बरोबर ५७ वर्षांनी, १ ऑक्टोबरलाच, उलटं घडलं. ४१ आयुध निर्माणी सांभाळणारं मंडळ मोडून ७ सरकारी कंपन्या झाल्या. खडकी, देहू रोड, वरणगाव, भंडारा, चांदा इथले दारूगोळा कारखाने पुण्याच्या 'म्युनिशन्स इंडिया'कडे गेले. भुसावळ, अंबरनाथ, अंबाझरी नागपूरच्या 'यंत्र इंडिया'कडे. प्रत्येक कंपनीने आपला हिशोब आपण सांभाळावा, हा सरकारचा हेतू. कामगार संघटनांचा याला विरोध होता. त्यांना खासगीकरणाची भीती वाटत होती.

युरोपात काय?

तिथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात. २००० मध्ये फ्रान्स, जर्मनी आणि स्पेनच्या कंपन्या जोडून आजच्या एअरबसचा पाया घातला गेला. तरीही राफेल, युरोफायटर आणि ग्रिपेन ही तीन लढाऊ विमानं वेगवेगळी बनतात. प्रत्येक देशाला आपला रोजगार आणि आपलं तंत्रज्ञान हवं असतं. परिणामी संशोधनाचा खर्च वेगवेगळा होतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला ऑर्डर कमी येतात.

मग बरोबर काय?

एकत्र आल्याने कौशल्य टिकतं, पण सगळी भिस्त एकाच कंपनीवर राहते. ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार २०२१ चा. ती वेळेत मिळाली नाहीत. दरम्यान सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं आणि मंजूर ४२ स्क्वॉड्रनपैकी हवाई दलाकडे सुमारे २९ उरल्या.

त्यानंतर १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात झेपावलं. आधीच्या दोन उत्पादन साखळ्या बंगळुरूत, तिसरी इथे. म्हणजे कंपनी एकच, पण काम एकाहून जास्त ठिकाणी. ओझरच्या कामगारांसाठी आणि सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगांसाठी खरा प्रश्न आता एवढाच : ऑर्डरमध्ये खंड पडणार नाही ना?