दहावीचे गुण, अकरावीचा प्रवेश आणि विद्यार्थ्यांचे हक्क

दहावीचा निकाल हाती पडताच घरोघरी एकच प्रश्न उपस्थित होतो. अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाले असतील, तर दाद मागायची कोठे? त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो, तो अकरावीच्या प्रवेशाचा. विज्ञान, वाणिज्य की कला, आणि कोणते महाविद्यालय, याचा निर्णय अनेकदा एखाद्या गुणाच्या फरकाने होतो. या दोन्ही बाबतींत विद्यार्थ्याला काही हक्क निश्चितपणे आहेत. ते एका दिवसात मिळालेले नाहीत आणि सर्वच बाबतींत सारखे भक्कमही नाहीत. उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आता निर्विवाद आहे. तथापि तीवरील गुण बदलून घेण्याचा हक्क कायद्याने सरसकट मान्य केलेला नाही. शाळेच्या हाती असलेल्या गुणांबाबत तर विद्यार्थी जवळजवळ निराधार आहे.

पुण्याच्या मंडळापासून सुरू झालेला वाद

या विषयावरील देशातील एक मूलभूत निवाडा महाराष्ट्रातूनच निर्माण झाला. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या १९७७ च्या विनियमांतील विनियम १०४ नुसार विद्यार्थ्याला केवळ गुणांची पडताळणी मागता येत असे. उत्तरपत्रिका पाहण्याचा अथवा ती पुन्हा तपासून घेण्याचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत नाकारण्यात आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने ही तरतूद अवैध ठरवली. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै १९८४ मध्ये निकाल मंडळाच्या बाजूने लागला. लक्षावधी उत्तरपत्रिका उघड्या केल्यास परीक्षेच्या निकालाला अंतिमता राहणार नाही, नैसर्गिक न्यायाचे तत्त्व इतके ताणता येणार नाही, आणि शैक्षणिक बाबींत तज्ज्ञ मंडळांनी केलेल्या नियमांत न्यायालयाने सहजासहजी हस्तक्षेप करू नये, असा त्या निर्णयाचा आशय होता.

पुढील सुमारे २७ वर्षे देशभरातील परीक्षा मंडळांनी या निर्णयाची ढाल पुढे केली. आपल्याच हाताने लिहिलेला कागद विद्यार्थ्याला परीक्षेनंतर पुन्हा दिसत नसे.

ही स्थिती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मुळे बदलली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची २००८ मधील दहावीची परीक्षा दिलेल्या एका विद्यार्थ्याने या कायद्याखाली उत्तरपत्रिका मागितली. मंडळाने नकार दिला, कोलकाता उच्च न्यायालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने निर्णय दिला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. तपासलेली उत्तरपत्रिका ही या कायद्याच्या अर्थाने ‘माहिती’ आहे; ती विद्यार्थ्यापासून विश्वासाच्या नात्याने जपून ठेवण्याची वस्तू नव्हे; आणि मंडळाचे विनियम या कायद्याच्या आड येऊ शकत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. १९८४ चा निर्णय मंडळाच्या विनियमांवर आधारलेला होता. संसदेने केलेला कायदा त्यांच्यावर मात करतो, हे त्यामागील सूत्र होते.

मात्र याच निकालपत्राने तीन मर्यादाही घातल्या. उत्तरपत्रिका पाहण्याच्या हक्कात पुनर्मूल्यांकनाचा हक्क समाविष्ट नाही. परीक्षकाचे नाव व ओळख झाकूनच प्रत द्यावी. आणि हा हक्क मंडळ उत्तरपत्रिका जतन करते तेवढ्याच काळापुरता आहे. केंद्रीय मंडळाच्या बाबतीत ही मुदत तेव्हा तीन महिन्यांची होती. पुनर्मूल्यांकनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात आणखी कठोर भूमिका घेतली. नियमांत तरतूद असेल तर पुनर्मूल्यांकन व्हावे; तरतूद नसेल तर चूक अगदी ढळढळीत असल्याखेरीज न्यायालयाने ते करू नये; आणि संशयाचा फायदा विद्यार्थ्याऐवजी परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळावा, असे तेव्हा सांगण्यात आले. फौजदारी खटल्यात आरोपीला मिळणारी सवलत येथे विद्यार्थ्याला नाही, एवढे लक्षात घेतले पाहिजे.

राज्य मंडळाच्या तीन पायऱ्या

राज्य मंडळाच्या नियमांत दहावी व बारावीसाठी पुनर्मूल्यांकनाची तरतूद आहे, ही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने जमेची बाजू. पहिली पायरी गुणपडताळणीची. तीत उत्तर कितपत बरोबर आहे याचा विचार होत नाही. सर्व उत्तरे तपासली गेली आहेत काय, बेरीज बरोबर आहे काय आणि गुण योग्य ठिकाणी नोंदले गेले आहेत काय, एवढेच पाहिले जाते. दुसरी पायरी उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीची. पुनर्मूल्यांकन ही तिसरी पायरी आणि ती चढण्यासाठी छायाप्रत घेतलेली असणे बंधनकारक आहे. छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो. थेट पुनर्मूल्यांकनाचा अर्ज स्वीकारला जात नाही, ही गोष्ट अनेक पालकांना मुदत संपल्यावरच कळते.

ऑनलाइन निकालानंतर अर्जांसाठी साधारण पंधरवड्याचा अवधी मिळतो. छायाप्रत आल्यावर ती त्या विषयाच्या शिक्षकाला दाखवून मगच पुढचा निर्णय घेणे इष्ट. बेरजेतील चूक पालकालाही दिसते. पायऱ्यांना मिळालेले गुण योग्य आहेत की नाहीत, हे मात्र जाणकारच सांगू शकतो. अर्ज संबंधित विभागीय मंडळाकडे जातात. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण अशी ही नऊ मंडळे आहेत.

मंडळाच्या प्रक्रियेखेरीज माहितीच्या अधिकाराचा स्वतंत्र मार्ग उपलब्ध आहे. राज्यात त्यासाठी अर्जाचे शुल्क १० रुपये असून छायाप्रतीला पानामागे २ रुपये पडतात. हा मार्ग स्वस्त खरा, परंतु उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे आणि उत्तर न आल्यास अपिलात आणखी काळ जातो. तोपर्यंत अकरावीच्या फेऱ्या पुढे सरकलेल्या असतात. गुणवाढ झाली तरी ज्या जागेसाठी ती हवी होती ती जागा दुसऱ्याला गेलेली, असा प्रसंग येऊ शकतो. हक्काची खरी कसोटी नियमपुस्तकापेक्षा या वेळापत्रकात लागते.

प्रवेशाचे निकष आणि न्यायालये

अकरावी प्रवेशाच्या धोरणाबाबत मात्र विद्यार्थ्यांना न्यायालयांत अधिक यश आले आहे. राज्य मंडळ, केंद्रीय मंडळ आणि आयसीएसई यांची गुण देण्याची पद्धत भिन्न असल्याने त्यांना एकाच यादीत कसे बसवावे, हा मुंबईतील जुना पेच. २००८ मध्ये शासनाने पर्सेंटाइलचे सूत्र आणले. ते मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या आणि १० टक्के अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांना, असा निर्णय झाला. तोही त्याच वर्षी जुलैत रद्द झाला. २०१० मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांचे सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचे ‘बेस्ट फाइव्ह’ धोरण आले. उच्च न्यायालयाने तेही रद्दबातल केले, परंतु या वेळी सर्वोच्च न्यायालयाने शासनाची बाजू मान्य केली. सलग तीन वर्षे विद्यार्थी ऐन पावसाळ्यात न्यायालयाच्या तारखा मोजत बसले होते.

२०२१ चे प्रकरण या सर्वांहून वेगळे. करोनामुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावण्यात आला. तो ९९.९५ टक्के लागला. शासनाने २८ मे २०२१ च्या निर्णयान्वये अकरावीसाठी ऐच्छिक सामायिक प्रवेश परीक्षा जाहीर केली. परीक्षा ऐच्छिक असली, तरी ती देणाऱ्यांना प्रवेशात अग्रक्रम होता आणि अभ्यासक्रम राज्य मंडळाचा होता. साहजिकच अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांपुढे नवीन अभ्यासक्रम शिकण्याचे संकट उभे राहिले. १० ऑगस्ट २०२१ रोजी उच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला आणि दहावीच्या गुणांवरच प्रवेश देण्याचा आदेश दिला. अशी परीक्षा सक्तीची वा निर्णायक करण्यास कायद्याचे अधिष्ठान हवे, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा ठरला.

मुंबई महानगर क्षेत्रात २००९ मध्ये सुरू झालेली ऑनलाइन केंद्रीय प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात लागू झाली. त्या वर्षीच्या नियमांनुसार विद्यार्थ्याला १ ते १० पसंतीक्रम देता आले. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश न घेतल्यास त्याला पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावे लागे. केवळ नावासाठी पहिला क्रमांक भरणाऱ्यांना हा नियम महागात पडतो. गुणवत्ता यादीत आपला क्रम कोणत्या गुणांवर लागला, हे पाहण्याचा आणि नोंदीत चूक असल्यास हरकत घेण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे. हरकतीची मुदत अवघ्या काही दिवसांची असते, त्यामुळे तात्पुरती यादी न पाहता थेट वाटपाची वाट पाहणे धोक्याचे.

दिव्यांग विद्यार्थ्यांचा हक्क येथे स्वतंत्रपणे नोंदवला पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींचा स्पष्ट उल्लेख आहे. अध्ययन अक्षमता असलेली मुलेही या कायद्याच्या कक्षेत येतात. या सवलती शाळेची मेहेरबानी नव्हेत. प्रमाणपत्र वेळेत काढणे मात्र आवश्यक.

शाळेच्या हाती असलेले गुण

आतापर्यंतचे सर्व हक्क लेखी परीक्षेच्या कागदाभोवती आहेत. दहावीच्या १०० गुणांपैकी २० गुण मात्र तोंडी, प्रात्यक्षिक वा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि ते शाळाच देते. या गुणांचे मोल किती, हे २०१९ मध्ये दिसले. भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे अंतर्गत गुण त्या वर्षी बंद झाले आणि आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. त्यानंतर हे गुण पुन्हा सुरू करण्यात आले. तोंडी परीक्षेची उत्तरपत्रिका नसते, त्यामुळे छायाप्रतही नसते. शासनाचे अनुदान घेणाऱ्या शाळेकडून गुणनोंदीची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. पण एखाद्या मुलाला २० पैकी ११ च गुण का दिले, याचे उत्तर त्या नोंदीत सापडत नाही.

नववीची स्थिती त्याहून नाजूक आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतचे. त्या कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर पाचवी व आठवीत अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली; तथापि त्याआधी जादा मार्गदर्शन व दोन महिन्यांत फेरपरीक्षा देणे बंधनकारक आहे. नववीत मूल या छत्राबाहेर पडते. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या विद्यार्थ्यांना नववीतच रोखून धरण्याची, अथवा ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असे पालकांना सुचवण्याची काही शाळांची रीत शिक्षण क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. शाळा सुटलेल्या आणि नोकरी-धंद्यात पडलेल्या माणसाला खासगीरीत्या परीक्षेला बसता यावे, यासाठी हा अर्ज आहे. वर्गातल्या मुलाला बाहेर काढण्यासाठी तो योजलेला नाही. २०२१ मध्ये तर दहावीच्या निकालात नववीच्या गुणांना ५० टक्के भार मिळाला आणि आदल्या वर्षी शाळेने दिलेले गुण मुलांच्या पुढील प्रवेशाला येऊन भिडले.

अशा दबावाला लेखी उत्तर मागणे, हाच पालकांच्या हातातील पहिला उपाय होय. नियमित विद्यार्थ्याला खासगी अर्ज भरायला सांगण्याचे कारण मुख्याध्यापकांकडे लेखी मागावे. अनेकदा तेवढ्यावरच आग्रह मावळतो. तसे न झाल्यास जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे, मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे, आणि त्यानंतर विभागीय शिक्षण उपसंचालकांकडे तक्रार करता येते. तक्रारीसोबत नववीच्या प्रगतिपुस्तकाची प्रत जोडावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाची पोच घ्यावी. दहावीचे परीक्षा अर्ज भरण्याची मुदत उलटण्यापूर्वी ही पावले उचलली गेली, तरच मुलाचे नाव नियमित विद्यार्थी म्हणून मंडळाकडे जाते.